तीन दिवसांत नाव मागणारं शहर

आमच्या सिंगापुरातल्या, तोआ पायोहच्या फ्लॅटमधल्या स्टोअररूमच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. कुठल्या फळीवर काय आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं आणि दर सहा महिन्यांनी मी तो बदलते. मुक्ता, म्हणजे आमची सोळा वर्षांची मुलगी, हिच्या पुस्तकांना जागा हवी होती, म्हणून एका शनिवारी मी सगळ्यात वरची फळी रिकामी केली. टाकायचं, द्यायचं, ठेवायचं असे तीन ढीग. 'हॉलंड – बंद' असं लिहिलेली निळी फाइल पहिल्या ढिगात जाणार होती. पण टाकण्याआधी प्रत्येक कागद बघायचा हा माझा नियम आहे, म्हणून मी ती घेऊन जमिनीवर बसले.

वर कचऱ्याचं कॅलेंडर होतं. हिरवा डबा कधी, करडा कधी, रद्दी कधी. त्याखाली नदी ओलांडणाऱ्या होडीची दहा फेऱ्यांची तिकीटपट्टी, सात ठिकाणी टोचलेली. त्याखाली नगरपालिकेची पत्रं, लायब्ररीचं कार्ड आणि सगळ्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद. तो कागद म्हणजे एका छोट्या जागेचा वीस वर्षांचा हक्क होता. नदीपलीकडच्या दफनभूमीत, लहान मुलांच्या भागात, जागेचा क्रमांक एकशे बारा. मी तारीख पाहिली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मुदत जानेवारीत संपली होती. आता मार्च चालू होता.

त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. तिथले आमचे शेजारी अजून तिथेच राहतात आणि आपल्याबद्दल कुणी लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. नदीचं नाव लिहायला हरकत नाही. आयसेल. सपाट देशातली सपाट नदी. नदीनेच आणून टाकलेल्या वाळूच्या एका लांबट उंचवट्यावर ते शहर वसलं. तो उंचवटा एवढा कमी की सायकलवरून जाताना फक्त पोटऱ्यांना कळायचा. त्या दोन-तीन मीटरांच्या जोरावर शहर हजार वर्षं कोरडं राहिलं होतं. समोरच्या तीरावर मात्र मुद्दाम मोकळी सोडलेली कुरणं. उन्हाळ्यात तिथे गाई असायच्या आणि हिवाळ्यात पाणी. पाणी यायच्या आधी गाई घरी नेलेल्या असायच्या आणि कुरणाच्या फाटकांचे फक्त वरचे दांडे पाण्याबाहेर दिसायचे. घाटाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेषा कोरलेल्या होत्या आणि बाजाराच्या दिवशी लोक त्यांना टेकून तळलेले मासे खायचे.

आम्ही गेलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि माझा नवरा मिलिंद एकोणतीसचा. त्याची कंपनी शहराबाहेर होती. मला काम नव्हतं, म्हणून मी शहर शिकले. वाळू भरलेल्या लांबलचक बोटी जायच्या, त्यांच्या मागच्या टोकाला घर असायचं, घराला पडदे, दोरीवर कपडे, छपरावर एखादी छोटी मोटार. मी त्या मोजत बसायचे. मधाच्या केकचा वास शनिवारी सकाळी आमच्या गल्लीपर्यंत यायचा, त्यात लवंग आणि दालचिनी असायची आणि मला दिवाळी आठवायची. पूर्वी हा केक वजनात कमी भरला तर नगरपरिषद बेकरला दंड करायची, असं चौकातल्या जुन्या वजनघरापाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं. मीठ, सुका मासा आणि कापड घेऊन उत्तरेकडून जहाजं यायची, सगळं तिथे तोललं जायचं आणि वहीत लिहिलं जायचं. जे लिहिलं नाही ते शहरात आलंच नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्यासारखंच गाव आहे, असं मी मिलिंदला म्हणाले. तो म्हणाला, 'आपल्यासारखं नाही, तुझ्यासारखं.'

पाण्याचं राज्य तिथे वेगळं होतं. नगरपालिका निराळी आणि बांध, कालवे, पंप बघणारं मंडळ निराळं. त्या मंडळाची निवडणूक व्हायची आणि परदेशी असूनही आम्हाला तिची मतपत्रिका टपालाने आली होती. नदीला आत येऊ देऊ नका एवढ्यासाठी मत द्यायचं, याची मिलिंदला फार गंमत वाटली. पण ते नंतर. आधी आई आल्या.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या, सांगलीहून, डिसेंबरात, दोन स्वेटर एकावर एक घालून. त्यांच्या सामानाची यादी मीच पाठवली होती, पण त्यांनी ती पाळली नव्हती. डिंक, अळीव, खारीक, सुंठ, वावडिंग, ओवा, बाळंतशेपा, मुगाची धिरडी करायला स्वतःचा तवा. घराच्या काचेपाशी उभ्या राहून त्यांनी नदीकडे पाहिलं आणि विचारलं, 'हिला पूर येतो का गं?' मी हो म्हणाले. 'मग बरं,' त्या म्हणाल्या. कृष्णेकाठी जन्म काढलेल्या बाईला पूर न येणारी नदी खरी वाटत नसावी.

मुलगी झाली. जानेवारीचा दुसरा आठवडा होता आणि नदीवर सकाळी एवढं धुकं असायचं की होडीची घंटा ऐकू यायची, होडी दिसायची नाही. त्या देशात बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात आणि आठ दिवस एक बाई घरी येऊन दोघींचं सगळं करते. आमच्याकडे मारायका यायची. उंच, लाल हातांची, फार बोलणारी. आल्या आल्या तिने कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेत घोळलेले बडीशेपेचे बारीक दाणे पेरले आणि घरातल्या सगळ्यांना दिले. मुलगी झाली की गुलाबी, अशी तिथली रीत. आईंनी एक दाणा चावून पाहिला. मग आत जाऊन आपला बाळंतशेपांचा डबा आणला आणि तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवल्या. मारायकाने त्या खाल्ल्या आणि दोघी हसल्या. भाषा एकही नव्हती, पण बाळंतिणीला शेपा द्यायच्या हे दोन्हीकडे ठरलेलं होतं. बाकी बाबतीत रोज लढाई. आई बाळाला धुरी द्यायला निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकायच्या की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. मारायका खुर्चीवर चढून तो काढायची आणि खिडक्या उघडायची. ती गेली की आई खिडक्या लावायच्या. मी पलंगावरून दोन्ही बघायचे. बाळाच्या टाळूला तेलाचा वास, खोलीत ओव्याचा धूर, बाहेर बर्फ न झालेला गार ओलावा. माझ्या आयुष्यात मी कुठलीच यादी केली नाही, असे ते नऊ दिवस होते.

एक सोडून. नावांची यादी होती. ती मी आधीच केली होती, बारा नावं, आणि एकापुढे पेन्सिलीने बारीक खूण. ती मी कुणाला दाखवली नव्हती. मिलिंदला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्याच्या जागी आईच बसणार होत्या. तोवर नाव बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. समोरच्या बाईंनी आमच्या छोट्या अंगणात लाकडी करकोचा आणून रोवला होता. मूल झालं की तिकडे असा करकोचा लावतात, त्याच्या चोचीत एक पाटी असते आणि पाटीवर मुलाचं नाव. आमची पाटी कोरी होती. जाणारे-येणारे थांबून बघायचे आणि कोरी पाटी बघून गोंधळायचे.

पण शहराचा नियम तीन दिवसांचा होता. जन्मल्यापासून तीन दिवसांत बापाने नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवायचं, रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद कोट घालून निघाला. दारातूनच त्याने आईंना विचारलं, काय लिहू. आई म्हणाल्या, 'बाराव्या दिवसाच्या आत नाव घेतलेलं मी कुठे ऐकलं नाही. काहीतरी लिही, मग बदल.' त्याने मला विचारलं नाही. मीही हाक मारून सांगितलं नाही, कारण मीही तेच मानत होते. तासाभराने तो एक शिक्का मारलेला उतारा घेऊन आला. त्यावर नाव होतं 'बाळा'. आम्ही तिला हाक मारायचो तेच, रोमन लिपीत. खिडकीमागच्या माणसाने सुंदर नाव आहे असं म्हटलं होतं म्हणे. आणि एकदा लिहिलेलं नाव बदलायचं तर कोर्टात जावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं होतं, पण उतारा हातात दिल्यावर.

दहाव्या दिवशी बाळ नव्हतं. त्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

इतक्या लहान मुलाला आपल्यात जाळत नाहीत, मातीत देतात. हे आईंना माहीत होतं, मला नव्हतं. त्या स्वतः मिलिंदबरोबर नगरपालिकेत गेल्या. शहराच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून नदीपलीकडची मिळाली, बांधाच्या मागे, झाडांच्या रांगेपाशी, सखल भागात. त्या दिवशी पाणी चढलं होतं आणि होडी बंद होती. आम्ही पुलावरून लांबच्या वाटेने गेलो. पुलाखाली कुरणं नव्हतीच, नुसतं तपकिरी पाणी आणि त्यात उभी झाडं. नगरपालिकेचा माणूस काळा कोट घालून फाटकाशी उभा होता. त्याने खोका स्वतःच्या हातात घेतला नाही. मिलिंदलाच नेऊ दिला आणि दोन पावलं मागून चालला. खाली ठेवायच्या आधी तो वाकून मातीला हात लावून आला, ओल किती आहे ते बघायला. मग त्याने मान हलवली. आईंनी मूठभर साखर टाकली. परत आलो तेव्हा अंगणातला करकोचा नव्हता. भोकसुद्धा बुजवलेलं होतं. समोरच्या बाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, पण दर मंगळवारी आमचा कचऱ्याचा डबा त्याच बाहेर काढून ठेवत होत्या, मी उठून कामाला लागेपर्यंत.

आई म्हणाल्या, जागेवर खूण नको, तिला परत यायची वाट मोकळी राहू दे. पण तिथे खूण लावल्याशिवाय जागा मिळत नाही. म्हणून एक वहीएवढा राखाडी दगड आणि त्यावर नोंदीतलं नाव. मी तो दगड कधी आवडून घेतला नाही. तरी पुढची तीन वर्षं दर रविवारी होडीने पलीकडे जात राहिले. होडीवाल्याला कुठे जाते ते माहीत झालं होतं, तो हवेबद्दल बोलायचा. तिथे बसून मी एकटीच ते दुसरं नाव घ्यायचे, पेन्सिलीच्या खुणेचं. एरवी नाही.

मग मिलिंदची सिंगापूरला बदली झाली. निघताना मी केलेल्या कामांच्या यादीला पाच पानं झाली. बँक, विमा, वीज, पाण्याचं मंडळ, लायब्ररी, सायकली विकणे, नगरपालिकेतली नोंद रद्द करून नवा पत्ता देणे. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. पुढे यिशुनहून तोआ पायोहला घर बदललं, तेव्हाही कुणाकुणाला पत्ता कळवायचा त्याची यादी केली आणि ती पूर्ण केली. नोव्हेनाच्या ज्या क्लिनिकमध्ये मी काम बघते, तिथे माझ्या याद्यांवरून लोक थट्टा करतात. आणि या वीस वर्षांत एकाही यादीत मी ती ओळ लिहिली नाही. विसरले नव्हते. 'थडगं, पत्ता कळवणे' असं कसं लिहायचं, ते मला सुचलं नव्हतं.

सोमवारी मी तिथे मेल केली आणि दुपारी फोन आला. दफनभूमीचं दप्तर बघणारी बाई होती, आवाज तरुण. मी डच चाचपडत बोलले, ती माझ्यासाठी सावकाश बोलली. तिने सांगितलं की मुदत संपण्याच्या आधी त्यांनी पत्र पाठवलं होतं, यिशुनच्या पत्त्यावर. ते परत आल्यावर दगडापाशी एक कार्ड लावलं होतं, की घरच्यांनी कृपया संपर्क करावा. ते कार्ड वर्षभर तिथे होतं. पावसात अक्षरं गेली म्हणून मध्ये एकदा नवीन लावलं. कुणी आलं नाही. मग तिने पुढचं सांगितलं. तो सखल भाग आता नदीला द्यायचं ठरलं आहे. पाणी दर हिवाळ्यात वर येतं, म्हणून नगरपरिषदेने तिथे नवीन दफन बंद केलं आहे आणि तिथे कुरण होणार आहे. दोनच गोष्टी शक्य होत्या. हक्क पुढे चालवायचा तर जे असेल ते उकरून उंचावरच्या भागात हलवायचं, दगडासकट. नाही तर हक्क सोडायचा. मग कुणी खणणार नाही, फक्त दगड उचलतील आणि वर गवत पेरतील. महिना संपायच्या आत कळवा, ती म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली की दोन आठवडे जास्त लागले तरी ती थांबवून ठेवेल.

ठेवायची तर तिला हलवायचं, नाही हलवायचं तर ठेवायचीच नाही. सिंगापुरात हे कुणाला नवीन नाही, इथे तर जागा पंधराच वर्षं मिळते. माझ्या एका सहकारी बाईने तिच्या आजोबांना असं हलवलेलं बघितलं होतं आणि ती ते बाजारहाट सांगावी तसं सांगते. मला ते जमलं नाही. मी दोन रकाने आखले, एकात हलवण्याची कारणं, दुसऱ्यात सोडण्याची, आणि दोन्ही रिकामे राहिले.

मिलिंदचं म्हणणं सोपं होतं. सतरा वर्षांत आपण एकदा तरी गेलो का, त्याने विचारलं. जेवणाचं टेबल होतं, मुक्ता समोर होती. तिला बहीण होऊन गेली हे तिला माहीत होतं, एका वाक्याएवढं. मी कागद टेबलावर ठेवला होता. तिने तो वाचला आणि म्हणाली, 'बाळा? दॅट्स नॉट अ नेम लाह, मा. खरं नाव काय होतं?'

मग मी मिलिंदला म्हणाले, 'त्या दिवशी कोट घालून निघालास, तेव्हा मला विचारलं होतंस?'

'नाही,' तो म्हणाला. त्याने आमटीची वाटी बाजूला सरकवली. 'खिडकीतल्या माणसाने दोनदा विचारलं, बाईंशी बोललात का म्हणून. मी हो सांगितलं.'

हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला तो दिसला, एकतीस वर्षांचा, त्या गार कौलारू टाउन हॉलमध्ये, हातात टोपी, समोर छापील रकाना.

आई आता शहाऐंशीच्या आहेत, सांगलीला धाकट्या दिरांकडे. कान चांगले आहेत, गुडघे नाहीत. रविवारी सकाळी मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं, होडी, पाणी, कार्ड, दगड, कुरण. त्या मधे बोलल्या नाहीत. मला वाटलं, सोडून दे म्हणतील. त्यांचं ते मत मला वीस वर्षं पाठ होतं आणि ते ऐकायची माझी तयारी होती.

त्या म्हणाल्या, 'तू काय ठरवलं होतंस गं नाव?'

मी म्हणाले, आई, आता कशाला.

'सांग. मी विचारायला पाहिजे होतं तेव्हा. मीच अडवलं तुला, मला वाटलं दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. इतकी वर्षं तू एकटीनेच तिला हाक मारलीस.'

मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की मी हाक मारते. मी नाव सांगितलं. रेवा.

पलीकडे त्यांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. फोन तोंडाजवळ नेल्याचा घासलेला आवाज आला. मग त्यांनी, शहाऐंशी वर्षांच्या फाटक्या आवाजात, माझ्या कानात कुर्र्र केलं, आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू, नाव घेतलं. मिलिंदच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. दुसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्यांदा त्यांना जमलं नाही.

मी फोन ठेवला. मिलिंद दारात उभा होता, त्याने माझं बोलणं ऐकलं असावं. त्याने ते नाव उच्चारून बघितलं नाही. आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

नगरपालिकेचा अर्ज एकाच पानाचा होता. मृताचं नाव नोंदीप्रमाणे लिहायचं होतं, मी 'बाळा' लिहिलं. जागा हलवावी का, नाही. दगड काढावा का, हो. दगड कुटुंबाला हवा आहे का, यावर मी थांबले. मिलिंदने मान हलवली आणि मी नाही लिहिलं. खाली आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. त्या झाल्या. पाठवायच्या बटणावर माझं बोट गेलं, तेव्हा तो म्हणाला, 'मी दाबतो.'

मी हात बाजूला घेतला.